लाल कोबा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आबांच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज त्यांच्या उशाशी बसायचो तेव्हा त्यांनाही नाही. फक्त एकीला सांगायची गरज पडली नाही, कारण तिनं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि पाहूनही ती गप्प राहिली. ती माझी वहिनी. आमच्या घरातून ती गेली ती माझ्यामुळे, आणि घरच्यांची समजूत अशी की ती स्वतःच्या चुकीनं गेली. गोष्ट तशी एका खोलीत खाली काय घालायचं याची आहे. लाकूडकामाच्या खोलीची जमीन कशी असावी, मातीची, फळ्यांची का कोब्याची, एवढ्याशा प्रश्नावर एका बाईचं घर मोडतं असं मला तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मीच आधी हसलो असतो.

पडेगावात आमचं घर दौलताबादच्या रस्त्यापासून थोडं आत होतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, बिडकीनकडची वाटणीची शेती चुलत्यांच्या हवाली करून शहरात कचेरीतली शिपायाची नोकरी धरली, तेव्हा तिथं नुसता माळ होता. पहाटे छावणीतला बिगुल ऐकू यायचा, मग रस्त्यावरच्या ट्रका सुरू व्हायच्या, आणि दिवस वर आला की आमच्या घरातला तिसरा आवाज उठायचा, तो कटरचा. दादा, माझा थोरला भाऊ, एका कारखान्यात माल भरायची लाकडी खोकी ठोकायचा. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं कुठून तरी एक जुनं कटर मिळवलं. लोखंडी टेबल, मधोमध फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली पट्ट्यानं जोडलेली मोटर. ते त्यानं घराच्या मागच्या खोलीत बसवलं, जिथं आबांना खरं तर गाय बांधायची होती. मोटर सुरू झाली की आधी फळीवरची भांडी बारीक थरथरायची, मग आवाज चढत चढत कानात घुसायचा, आणि लाकूड पात्याला टेकलं की एकदम खाली उतरून घोगरा व्हायचा. घरात कुठंही असलो तरी त्या आवाजावरून कळायचं, दादा आता सागवान फाडतोय का बाभूळ. मायला तो आवाज कधीच सोसला नाही. ती म्हणायची, "गायीच्या जागी हे जनावर आणून बांधलंय. याच्या तोंडात घास घालताना हात जपून घालत जा रे बाबा." दादा हसायचा. आम्ही कुणबी, सुतारकी आमच्या घरात कुणाच्या बापानं केलेली नव्हती. त्यामुळं काय करावं न् काय करू नये याचं पिढीजात शहाणपण आमच्याकडं नव्हतं. जे होतं ते शेतातलं. शेतातली रीत आम्ही त्या खोलीत नेली.

वहिनी खुलताबादची. ठेंगणी, सावळी, हसताना तोंडावर पदर घेणारी, पण जिभेला धार असलेली. तिची येसराची आमटी अशी व्हायची, की दादा भुश्यानं माखलेल्या हातानंच ताटावर बसू बघायचा आणि ती त्याला भाकरीच्या पिठाच्या हातानं मागं ढकलायची, "आधी मोरीत जा. लाकडाची भाकर खायची तर तिकडंच खा." भुसा सगळीकडं असायचा. पिण्याच्या पाण्यावर, देवाच्या तांब्यावर, बेबीच्या केसांत. बेबी म्हणजे त्यांची पोर, तेव्हा रांगत होती. वहिनी खोबरेलात माका उकळून स्वतःच तेल करायची आणि न्हाणीच्या कोनाड्यात एका पितळी वाटीत झाकून ठेवायची. त्याला हिरवट, जळकट असा वास होता, दुसऱ्या कुठल्या तेलाला तो येत नाही. ती अंगणातून गेली की मागं तो वास रेंगाळायचा. आजही बाजारात कुठं माक्याच्या तेलाची बाटली उघडी असली तर मी तिथून निघून जातो. बायकोला वाटतं मला त्याची ॲलर्जी आहे.

मागच्या खोलीची जमीन मातीची होती, शेणानं सारवलेली. पावसाळ्यात ती ओल धरायची आणि कटरचे लोखंडी पाय खाली खाली रुतायचे. एका जेवणाच्या वेळी दादानं विषय काढला. मला ते जेवण नीट आठवतं, ठेच्याच्या ठसक्यासकट, चुलीच्या धुरासकट.

"मातीला काय झालंय?" आबा म्हणाले. "येळच्या येळी सारवली म्हंजे झालं. पायाला ऊब राहती."

"आबा, मशीनचा एक पाय खाली गेलाय. पातं हलतंय. लाकूड असं उसळतंय, कधी तोंडावर यील नेम नाय." दादानं भाकरी मोडता मोडता त्याला काय हवं ते सांगितलं. "फळ्या ठोकू खाली. जुन्या खोक्यांच्या ढीगभर पडल्यात. हातातून पटाशी निसटली तर धार मोडत नाय, आन पाय धरून राहतो. मला दिसभर उभं राहायचंय तिथं, मला इचारा की."

"फळ्यांच्या फटीत खिळे जातील," वहिनी चुलीपासून म्हणाली. "बेबी रांगत जाती न् सापडंल ते तोंडात घालती."

"म्हंजे तू बी माझ्याकडून नाय व्हय?"

"मी बेबीकडून हाये."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला माझं म्हणणं पुढं रेटायचं होतं. मी तेव्हा कॉलेजात जायला लागलो होतो. छावणीत एका मित्राचा बंगला होता. तिथं मी पहिल्यांदा लाल कोबा पाहिला. सिमेंटात लाल रंगाची पूड कालवून केलेला, थापीनं घोटून घोटून आरशासारखा केलेला. चपला बाहेर काढून मी त्याच्यावर उभा राहिलो तर खाली माझेच पाय मला दिसले. त्या थंड तांबड्या जमिनीवर उभं राहून मला आमच्या शेणाच्या वासाची लाज वाटली, हे आता लिहायला हरकत नाही. मित्र म्हणत होता, तुझ्या घरी एकदा येऊ, तुझ्या भावाचा कारखाना बघू. मी घरात दादाच्या खोलीला कारखाना म्हणत नसे, मित्रांत म्हणत असे. त्या मित्रांना दाखवण्याजोगी खोली मला हवी होती. दादाचे पाय, दादाचे हात, यांचा विचार माझ्या मनात कुठं नव्हता.

मी म्हणालो, "फळ्यांना उधई लागंल."

एवढं एक वाक्य मी बोललो आणि आबांचा हात ताटातच थांबला. गावाकडच्या घराचं आढं उधईनं आतून पोखरलं होतं आणि एका दुपारी ते धान्याच्या कणगीवर कोसळलं होतं; आबांची आई तिथून नुकतीच उठून गेली होती. उधई हा शब्द आबांना साप या शब्दासारखा होता. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच मी तो वापरला.

"मग फळ्या नको," आबा म्हणाले. "आपल्या हातानं घरात उधई आणायची नाय."

"लाल कोबा करू," मी लगेच म्हणालो. "सिमेंटचा. मशीन हलणार नाय, खिळा पडला तर लांबून दिसंल, उधई नाय का ओल नाय."

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या बघण्यात राग नव्हता, एक प्रकारची कीव होती, जणू मी काय करतोय हे त्याला कळलं होतं आणि तरी धाकट्याचा हट्ट म्हणून तो सोडून देत होता. "गुळगुळीत व्हईल रे ते, इंजिनियरसाहेब. वर भुसा पडला की पाय ठरणार नाय."

"खडबडीत ठेवायला सांगू की मिस्त्रीला."

"ध्यान ठेव मग. घोटायचा नाय."

"व्हय रे, व्हय."

कोबा घालायला गफूर मिस्त्री आले. पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा, कामात तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायची सवय. त्यांनी मुरूम टाकून धुमसानं ठोकला, वर सिमेंटचा थर दिला, आणि शेवटचा लाल थर घालायच्या दिवशी दादा लाकूड बघायला बाहेरगावी गेलेला होता. मी मुद्दाम कॉलेज बुडवून घरी थांबलो.

"चाचा, इसकू अच्छा घोटो. एकदम चकाचक."

गफूर मिस्त्रींनी थापी थांबवली. "भाई तो बोलके गए, खुरदरा रखो करके. तुम घोटो बोलरे. मैं किसकी सुनूँ?"

"मेरी सुनो. अब्बा भी येच बोले."

आबा काहीच बोलले नव्हते. मिस्त्रींनी एकदा घराकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "तुम्हारा घर, तुम्हारी मर्जी. मगर कोई फिसला तो मेरे कू नक्को बोलना."

संध्याकाळी दादा आला, दारात उभा राहिला, आणि एका पायाचा तळवा त्यानं हळूच त्या लाल जमिनीवर पुढं-मागं सरकवला. तो काही बोलायच्या आधीच मी म्हणालो, "मी कॉलेजात होतो. मिस्त्रीनं घोटून टाकला." दादानं मिस्त्रींना दोन शिव्या दिल्या आणि गफूर मिस्त्रींना आमच्या घरचं पुन्हा कुठलंच काम मिळालं नाही. हे खोटं इतकं सहज निघालं, की ते खोटं आहे हे मलाही थोड्या वेळानं आठवेना. पुढचं सगळं याच वाटेनं झालं.

दादानं कटरसमोर, जिथं उभं राहायचं तिथं, गोणपाट अंथरलं. दुमडून जाड केलेलं, कडेला दगड ठेवलेलं. माझा लाल कोबा त्या गोणपाटाखाली गेला आणि उरलेला भुश्यानं पांढरा पडला. वहिनी मला चिडवायची, "भावजी, तुमचा बंगला कुठं हरवला? का भुश्याखाली पुरला?" मित्रांना बोलवायचं मी पुढं ढकलत राहिलो.

मग नवरात्र आलं. घट बसले, माय उपास धरून बसली, घरात सोवळं कडक झालं. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. गावाकडं नांगराचा फाळ, कोयते, विळे धुऊन, लोखंडाला तेलाचा हात लावून ओळीनं मांडायचे आणि झेंडूची माळ घालायची. दादाच्या खोलीची ती पहिलीच खंडेनवमी. आबांनी शेजारपाजारच्यांना बोलावलं होतं, मीही धीर करून मित्रांना सांगून टाकलं. आदल्या दिवशी सकाळी वहिनी बाजूला बसली. म्हणजे तिला महिन्याची अडचण आली आणि ती मागच्या पडवीत वेगळ्या चटईवर, वेगळा तांब्या घेऊन बसली. ऐन नवरात्रात हे झालं म्हणून मायचं तोंड उतरलं. "आजच व्हायचं व्हतं का हिला," एवढंच ती म्हणाली, पण तिनं पडवीचं दार लावून घेतलं. त्या पडवीचं एक दार स्वयंपाकघरात उघडायचं, दुसरं कटरच्या खोलीत.

त्या दुपारी माय पुढच्या ओसरीत झेंडूची फुलं निवडत होती आणि दादा पाट आणायला शेजारी गेला होता. मी कटरच्या खोलीत शिरलो, गोणपाट उचलून अंगणात भिजत टाकलं, भुसा झाडून काढला. कोबा तरीही मेलेलाच दिसत होता. त्याला तेल हवं होतं. मित्राच्या बंगल्यात नोकर खोबरेलाच्या फडक्यानं जमीन पुसायचा, ते मी पाहिलं होतं. घरातलं सगळं तेल घटाच्या समईसाठी सोवळ्यात ठेवलेलं. त्याला हात लावायची छाती नव्हती. मी न्हाणीतून वहिनीची पितळी वाटी उचलली. गुडघ्यांवर बसून कटरच्या भोवतीची आणि पुढच्या दारापर्यंतची जमीन मी त्या तेलानं घासली. कोबा असा पेटला, की मला भीती वाटली. तांबडा, ओला, आतून उजळलेला. कटरचं पातं त्यात उलटं दिसत होतं, दाते खाली करून. तळव्यांना तेल लागलं होतं. पुढं माय बसलेली, म्हणून मी मागच्या कोरड्या बाजूनं चालत जाऊन पडवीचं दार उघडलं.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्या हातातली वाटी बघितली, माझे गुडघे बघितले, आणि तोंडाला पदर लावला. "बया! माझं तेल त्या जमिनीला? न्हाऊ घातलं का काय तिला?"

"वहिनी, कुणाला सांगू नका. दादानं तेल लावायचं नाय म्हणून बजावलंय. चामडी सोलंल माझी."

"सोलू द्या की. जरा हलके व्हाल."

"वहिनी, खरंच नका सांगू. शप्पथ घ्या."

ती हसत होती. मी ऐकेना. शेवटी तिनं शेजारी बसलेल्या बेबीच्या डोक्यावर हात ठेवला. पोर तिला चिकटूनच असायची, विटाळ तिला कुठला. "बेबीची शप्पथ. नाय सांगत. झालं?"

आमच्याकडं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शप्पथ कुणी मोडत नाही. मोडली तर ती लेकरावर जाते, असं मानतात. मी ते मानत होतो की नाही, मला सांगता येणार नाही. ती मानत होती हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी खोली बघून आबांचे डोळे भरून आले. "लक्ष्मी उतरली रे," ते म्हणाले. पटाश्या, रंधे, करवती ओळीनं मांडलेल्या, कटरच्या टेबलाला झेंडूची माळ, आणि सगळ्यांचं प्रतिबिंब खालच्या लाल जमिनीत. माझे मित्र आले, वाहवा करून गेले. दादानं खाली वाकून बोट फिरवलं. "तेल लावलंस का रे मध्या?"

"नाय. रॉकेलच्या फडक्यानं पुसलंय नुसतं."

त्यानं बोट नाकाशी नेलं नाही. झेंडूचा, उदबत्तीचा, कापराचा वास इतका होता, की नेलं असतं तरी त्याला काय कळलं असतं कोण जाणे. मी कित्येकदा त्या क्षणापाशी परत जातो आणि त्याला बोट हुंगायला लावतो. तो हुंगत नाही.

दसऱ्याला हत्यारांना विसावा. पुरणपोळ्या झाल्या, सोनं लुटलं, कटर मुकं राहिलं. त्या दिवशी घरातली शांतता मला बरी वाटली नाही. रोजच्या थरथरीची सवय झालेली, भांडी फळीवर अगदी निश्चल, जणू कशाची तरी वाट बघत असलेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं मोटर सुरू केली. गल्लीतल्या एका घरी बारसं होतं, त्यांना पाळणा हवा होता. "गोणपाट कुठंय?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "भिंतीवर वाळतंय. काल सांजेला पाण्यातून काढलं, अजून ओलं हाये." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, दोनच फळ्या फाडायच्यात. तू पलीकडून धर." मी पात्याच्या पलीकडं उभा राहून फळीचं टोक धरलं. मला तेव्हा बोलता आलं असतं. तेल आहे, दादा, जपून, एवढेच शब्द होते. बारीक भुसा त्या तेलकट लालीवर पिठासारखा बसत चालला होता आणि मी तो बघत होतो. पहिली फळी निघाली. दुसरीला गाठ होती; आवाज खाली उतरला, घोगरा झाला, अडकला. दादानं जोर लावायला पाय मागं रोवला. पाय रोवला गेला नाही. तो पुढं आला, सगळा, छातीपर्यंत, उजवा हात सर्वांत आधी. आवाज पुन्हा चढला. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

सरकारी दवाखान्यातून आबांनी निरोप पाठवला, जीव वाचला पण उजव्या हाताला अंगठ्याशिवाय काही राहिलं नाही, तेव्हा दुपार टळली होती. माय त्या खोलीत गेली. मी तिच्या मागं. मोटर बंद होती, झेंडूची माळ अजून टेबलाला होती. मायनं रक्ताकडं बघितलं नाही. तिचं लक्ष मागच्या बाजूला गेलं. त्या कोरड्या जमिनीवर, कटरपासून पडवीच्या दारापर्यंत, पावलं उमटली होती. तेलकट तळव्यांची पावलं, त्यावर उडालेला भुसा चिकटून पांढरी झालेली. टाच, चवडा, बोटं, अगदी लक्ष्मीची पावलं काढावीत तशी. मी सडपातळ होतो, माझा पाय लहान. माय वाकली, एका पावलाला बोट लावून तिनं हुंगलं.

"माका," ती म्हणाली.

मग ती सरळ उभी राहिली आणि पडवीकडं बघून तिनं हंबरडा फोडला. "बाजूला बसलेली बाई हत्यारात फिरली गं! तेलाचे पाय घेऊन फिरली! खाल्लास माझा लेक!"

संध्याकाळी आबा परत आल्यावर वहिनीला पडवीतच उभं करून विचारलं. ती भिंतीला धरून उभी होती. "आत गेली व्हतीस का नाय, एवढं सांग," आबा म्हणाले.

"नाय गेले मी, मामंजी. पाय ठेवला नाय."

"मग तेल कुणाचं? पाय कुणाचे?"

वहिनीनं वर बघितलं. माझ्याकडं. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच. तिच्या कडेवर बेबी होती. मी बेबीकडं बघितलं, मग खाली माझ्या पायांकडं, आणि एक पाय दुसऱ्या पायाच्या मागं घेतला. हे मी केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

"मला ठाऊक नाय," ती म्हणाली.

तिचं ते खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं, आणि त्यानंच ती बुडाली. आबांनी दार लोटून घेतलं. रझाकारांच्या दिवसांत त्यांचं पोरपण गेलं होतं. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर गेली की घर जळतं, हे ते तेव्हा शिकले होते आणि आयुष्यभर तसेच वागले. "घरातलं घरात," ते म्हणाले. "बाहेर कुणी इचारलं तर पाय घसरला म्हणायचं." पण घरात मात्र ठरून गेलं, की हे विटाळानं झालं. दवाखान्यात दादाला मायनं सांगितलं. दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं. वहिनीला त्याला बघायला नेलंच नाही.

तिचा भाऊ खुलताबादहून तिला न्यायला आला. "थोडे दिस जाऊन ये, ह्याचं मन निवू दे," असं माय म्हणाली, पण म्हणताना तिनं तिच्या ओटीत काहीच घातलं नाही, आणि रिकाम्या ओटीनं सासरहून निघालेली बाई परत येत नाही हे सगळ्यांना कळत होतं. मी पेटी घेऊन रस्त्यापर्यंत गेलो. बस येताना दिसली तेव्हा वहिनी माझ्याजवळ आली. ती हसत नव्हती, रडतही नव्हती.

"भावजी, मी शप्पथ मोडली नाय. मोडणार बी नाय. पण तुम्हाला कुणाची शप्पथ नाय. तुम्ही सांगू शकता."

मी म्हणालो, "सांगतो, वहिनी. दादा घरी आला की सांगतो."

दादा घरी आला. त्याला भाकरी मोडता येईना, माय त्याला घास करून द्यायची. त्याच्या तोंडाकडं बघून मी उद्यावर ढकललं. मग दिवाळीनंतर, मग माझी परीक्षा झाल्यावर, मग दादाला कुठं तरी राखणदाराची नोकरी लागल्यावर. दर शनिवारी खुलताबादेत मारुतीला जाणारी माणसं आमच्या दारावरून जायची आणि मी घरात आत सरकायचो. कटर विकलं गेलं. दादानं दुसरं लग्न केलं नाही. वहिनीला आणायचं आबांनी कधी काढलं नाही आणि दादा आबांच्या शब्दाबाहेर गेला नाही. बेबीच्या लग्नाला तो एकटा गेला, मागच्या रांगेत बसला, अक्षता डाव्या हातानं टाकल्या आणि त्याच बसनं परत आला, असं मला दुसऱ्याकडून कळलं. त्यानं स्वतः एवढंच सांगितलं, "जेवण चांगलं व्हतं." माय गेली, आबा गेले, दोघंही ती पावलं वहिनीची होती असं समजूनच गेले.

हे आत्ताच का लिहितोय, तर माझ्या मुलानं घरातच लाकूडकाम सुरू करायचं ठरवलंय. नोकरी करून सुट्टीच्या दिवशी हौसेनं. छोटं, निळं, नवं कटर आणलंय त्यानं. खोली तीच, मागची. घर आम्ही पुन्हा बांधलं, पण त्या खोलीचा कोबा दादानं फोडू दिला नाही. तो कपाटांखाली अजून तसाच आहे, काळपट झालेला. परवा मुलगा दोन नमुने हातात घेऊन ओसरीत आला. एक खडबडीत रबराची चटई, दुसरी लाकडासारखी दिसणारी चकचकीत प्लास्टिकची. "बाबा, खाली यातलं काय घालू?" मी दोन्ही नमुने उलटसुलट करून बघत राहिलो. तेव्हा त्यानं दादाला विचारलं, "मोठे काका, तुम्ही सांगा."

दादा खुर्चीत बसला होता. उजव्या हाताचा उरलेला अंगठा डाव्या तळव्यात धरून चोळत बसायची त्याची सवय आहे. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुझ्या बापाला इचार. खाली काय घालायचं ते ह्या घरात तोच ठरवतो."

मुलगा हसला. त्याला ती थट्टा वाटली. दादा हसला नाही. त्याला ठाऊक आहे का? कधीपासून ठाऊक आहे? त्या दिवशी बोट हुंगलं नाही म्हणून तोही स्वतःला दोष देत बसलाय का? मी विचारलं नाही. मी मुलाला रबराची चटई दाखवली आणि आत जाऊन दार लावून बसलो. बाहेर तो मशीन चालवून बघत होता. फळीवरची भांडी थरथरायला लागली.

वहिनी खुलताबादला आहे. म्हातारी झाली आहे, बेबीजवळ राहते. तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर आमच्यापर्यंत आलं असतं.

मी काय देणं लागतो ते सरळ लिहून ठेवतो. दादाला बरोबर घेऊन खुलताबादला जायचं. वहिनीच्या दारात, बेबीच्या देखत, दादाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचं, की तेल मी लावलं होतं आणि ती पावलं माझी होती. ते मी अजून केलेलं नाही.